बोर्ड बदलूनही हार्ड डिस्क चालू झाली नाही, तर कोणता मार्ग निवडावा

बंद पडलेल्या हार्ड डिस्कला त्याच मॉडेलचे दुसरे सर्किट बोर्ड लावून पाहिले आणि तरीही ती चालू झाली नाही, की दोष आतच आहे असे बहुतेक जण मानून बसतात. हा निष्कर्ष घाईचा आहे. गेल्या वीसेक वर्षांतील जवळपास प्रत्येक डिस्कच्या बोर्डावर त्या एकाच डिस्कसाठी कारखान्यात जुळवलेली मूल्ये साठवलेली असतात. कोणते हेड (तबकडीवरून डेटा वाचणारी लहान टोके) वापरात आहेत आणि त्यांचे संकेत कसे वाचायचे, हे त्यांवरून ठरते. ही मूल्ये बहुधा आठ पायांच्या एका लहानशा रॉम चिपमध्ये असतात. ती नव्या बोर्डावर नेली नाहीत, तर डिस्क फिरू लागते, पण तबकडीवरचा स्वतःच्या फर्मवेअरचा (डिस्क चालवणाऱ्या अंतर्गत प्रोग्रॅमचा) राखीव भाग तिला वाचता येत नाही, आतून टकटक ऐकू येते आणि थोड्या वेळाने मोटर थांबते. हेड खरोखरच निकामी झाले असतील तेव्हाही नेमके हेच घडते. म्हणून रॉम न हलवता केलेल्या अदलाबदलीवरून बोर्ड खराब होते की हेड, याचा निर्णय होऊच शकत नाही, आणि त्यानंतर आणखी एक बोर्ड विकत आणणे म्हणजे तीच निरर्थक चाचणी पुन्हा करणे होय.

त्यानंतर तीन मार्ग उरतात: मूळ बोर्ड दुरुस्त करणे, रॉम चिप डोनर बोर्डावर (दुसऱ्या डिस्कवरून घेतलेल्या तशाच बोर्डावर) बसवणे आणि डिस्क डेटा रिकव्हरीच्या लॅबकडे सोपवणे.

माझ्या मते पहिला विचार मूळ बोर्डाचाच व्हावा, विशेषतः डिस्क अजिबात फिरत नसेल आणि त्याआधी विजेचा झटका बसला असेल किंवा चुकीचा अडॅप्टर लागला असेल तर. बाहेरून जोडायच्या 12 व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर लावणे, हे यामागचे नेहमीचे कारण आहे. अशा वेळी वीजजोडाजवळचे दोन संरक्षक डायोड, एक 5 व्होल्टच्या आणि दुसरा 12 व्होल्टच्या मार्गावरचा, बोर्ड वाचवण्यासाठी स्वतः शॉर्ट होतात. बोर्ड डिस्कपासून आणि विजेपासून वेगळे करावे, मल्टिमीटर ओहमवर ठेवावा, एक टोक स्क्रूच्या छिद्राभोवतीच्या धातूच्या कड्यावर आणि दुसरे डायोडच्या दोन्ही टोकांवर आळीपाळीने टेकवावे. डायोडचे एक टोक ग्राउंडला, म्हणजे त्या कड्याशीच, जोडलेले असल्याने तेथे शून्य दिसणारच; डायोडच्या दुसऱ्या टोकावरही शून्याच्या आसपास आकडा आला, तर तो डायोड गेला आहे असा दाट संशय घ्यावा. शॉर्ट झालेला डायोड काढून टाकला की पुष्कळदा तेच बोर्ड पुन्हा चालते, आणि रॉम जागेवरच असल्याने जुळवाजुळवीचा प्रश्न उरत नाही. मात्र आता संरक्षण राहिलेले नसते. त्यामुळे खात्रीच्या वीजपुरवठ्यावर डिस्क लावून सर्वप्रथम डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा आणि ती डिस्क नेहमीच्या वापरात ठेवू नये. मोटर चालवणारी चिपच जळून काळी पडली असेल, तर हा मार्ग बंद होतो.

तेव्हा दुसरा मार्ग येतो. डोनर निवडताना डिस्कच्या लेबलवरील मॉडेलपेक्षा प्रत्यक्ष बोर्डावर छापलेला क्रमांक पाहावा. वेस्टर्न डिजिटलच्या बोर्डांवर तो 2060 पासून सुरू होतो आणि तो शेवटच्या अंकांपर्यंत जुळावा लागतो. रॉम उचलण्याचे काम हॉट एअर (गरम हवेने चिप सुटी करणारे यंत्र) वापरणारा चांगला मोबाइल दुरुस्ती कारागीर सहज करू शकतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे हात मिळतात. चिपवरचा ठिपका नव्या बोर्डावरील खुणेशी जुळलाच पाहिजे, आणि शक्य असेल तर उचलण्यापूर्वी प्रोग्रॅमर या चिप वाचणाऱ्या उपकरणाने तिच्यातील मजकुराची प्रत काढून ठेवावी, कारण ही चिप गेली तर पुढचे सगळेच अवघड होते. वेस्टर्न डिजिटलच्या काही बोर्डांवर ही जागा रिकामी दिसते. तेथे रॉम मुख्य चिपच्या पोटात असते आणि ते काम घरगुती राहत नाही. याच कंपनीच्या माय पासपोर्टसारख्या अनेक पोर्टेबल डिस्कमध्ये तर यूएसबीचा सॉकेट बोर्डावरच असतो आणि पासवर्ड ठेवलेला नसला तरी बोर्डावरची चिप डेटा एन्क्रिप्ट करते, त्यामुळे तेथे वाटेल ते बोर्ड लावून भागत नाही.

रॉम नीट हलवल्यानंतरही टकटक चालू राहिली, तर मात्र तो पुरावा मानावा: हेड किंवा त्यांच्यालगतचा प्रीअँप्लिफायर (हेडचे क्षीण संकेत वाढवणारी चिप) गेला असण्याचीच शक्यता मोठी आहे. येथे थांबावे. निकामी हेडसह पुन्हा पुन्हा वीज दिल्यास तबकडीवर ओरखडे पडतात आणि मग लॅबलाही वाचवण्यासारखे फारसे उरत नाही. फिरण्याऐवजी नुसती बीप-बीप ऐकू येणाऱ्या डिस्कचेही तसेच. तिचे हेड बहुधा तबकडीला चिकटलेले असतात किंवा मोटर अडकलेली असते, आणि घरी झाकण उघडणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

व्यवस्थित फिरणारी, आवाज न करणारी, पण संगणकाला न दिसणारी डिस्क बोर्डाच्या प्रश्नात येतेच असे नाही. 2009 च्या सुरुवातीला सीगेटच्या बॅराकुडा 7200.11 मालिकेतील अनेक डिस्क फर्मवेअरच्या दोषामुळे अशाच दिसेनाशा झाल्या होत्या आणि कंपनीने त्यासाठी नवे फर्मवेअर दिले होते. तेथे बोर्ड बदलून काहीच साधले नसते.

तिसरा मार्ग खर्चिक आहे, पण लग्नाचे एकमेव फोटो किंवा धंद्याचे हिशेब आत असतील, तर तो तिसरा न राहता पहिला ठरावा. वर सांगितलेले सर्व प्रयोग ज्या डेटाशिवाय निभावेल त्याच्यासाठीच आहेत. लॅब निवडताना निदानाचे शुल्क आणि डेटा न मिळाल्यास किती पैसे द्यावे लागतील, हे आधी लेखी घ्यावे. डिस्क देताना मूळ बोर्ड, जळलेले असले तरी, सोबत द्यावे, डोनर बोर्डही द्यावे आणि कोणती चिप कोठून कोठे गेली ते कागदावर लिहून द्यावे.