से, टेल, स्पीक, टॉक : कुठे कोणतं वापरायचं?

इंग्रजीत बोलताना या चार क्रियापदांपाशी अनेकांची गाडी अडते. खरं तर मराठी माणसाला इथे घरचाच आधार आहे. म्हणणं, सांगणं आणि बोलणं आपण वेगवेगळं ठेवतो. तो फरक मनात धरून इंग्रजीत गेलं तरी अर्धं काम होतं. मुंबईकडे मात्र ‘तो म्हणाला’च्या जागी सर्रास ‘तो बोलला की उद्या येतो’ असं ऐकू येतं आणि इंग्रजीत त्याचंच ‘ही स्पोक दॅट’ होतं. स्पीकच्या पुढे असं वाक्य जोडता येत नाही. तिथे से हवं: ‘ही सेड ही वुड कम टुमॉरो.’

से की टेल, हे ठरवताना एकच पाहा: ऐकणारा क्रियापदाला लागून येतोय का? येत असेल तर टेल, नाहीतर से. ‘शी टोल्ड मी दॅट शी वॉज टायर्ड’ बरोबर, ‘शी सेड दॅट शी वॉज टायर्ड’ही बरोबर. ‘शी सेड मी’ चूक, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ‘शी टोल्ड दॅट शी वॉज टायर्ड’ हेही तितकंच चूक आहे, आणि ते चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्या ईमेलमध्येही सापडतं. कारण उघड आहे. मराठीत ‘तिने सांगितलं की...’ एवढ्यावर भागतं, कोणाला ते गाळलं तरी चालतं. टेलला तो कोणीतरी लागतोच. सेबरोबर त्याचा उल्लेख करायचा असेल तर मध्ये टु घालायचा: ‘व्हॉट डिड ही से टु यू?’ एक्सप्लेन आणि सजेस्ट याबाबतीत सेच्याच पंगतीतले; म्हणून ‘एक्सप्लेन मी’ नव्हे, ‘एक्सप्लेन इट टु मी’.

टेल अ लाय, टेल द ट्रुथ, टेल अ स्टोरी यांत ऐकणारा नसला तरी चालतो. हे पाठच करून टाकावं. आणि ‘पाटीवर लिहिलंय की...’ यासाठी से: ‘द नोटिस सेज द ऑफिस इज क्लोज्ड.’

माझ्या मते सगळ्यात जपून वापरायची जागा याहून वेगळी आहे. ‘साहेबांना सही करायला सांग’ यात आपल्याला काहीच खटकत नाही, कारण मराठीतलं सांगणं विनंतीलाही चालतं. पण ‘आय टोल्ड द मॅनेजर टु साइन’ म्हटलं की मॅनेजरला हुकूम सोडल्यासारखं होतं. व्याकरण बिनचूक, सूर मात्र चुकलेला, आणि समोरचा ते बोलूनही दाखवत नाही. इथे आस्क हवं: ‘आय आस्क्ड द मॅनेजर टु साइन.’ शाळेत आस्क म्हणजे विचारणे एवढंच मनावर ठसतं, म्हणून विनंतीच्या वेळी ते सुचत नाही. याउलट ‘द डॉक्टर टोल्ड मी टु रेस्ट’ अगदी योग्य, कारण तिथे डॉक्टरांचा शब्द चालतो. ग्राहक, वरिष्ठ, शेजारी यांच्याबद्दल लिहिताना शंका आली तर डोळे झाकून आस्क घ्या.

स्पीक आणि टॉक यांत फारसं अडायचं कारण नाही. ‘आय स्पोक टु हर’ आणि ‘आय टॉक्ड टु हर’ दोन्ही चालतात. पहिलं जरा औपचारिक, दुसरं गप्पांच्या जवळचं. फोनवर अनोळखी माणसाकडे ‘मे आय स्पीक टु...’ असंच विचारावं. भाषा येते म्हणायचं असेल तर स्पीकच: ‘डू यू स्पीक मराठी?’

‘आई मला खूप बोलली’ हे मात्र दोन्हींत बसत नाही, कारण आपण तिथे रागावणं म्हणतोय. त्याला ‘माय मदर स्कोल्डेड मी’ चालेल. ब्रिटिश इंग्रजीत रोजच्या बोलण्यात ‘शी टोल्ड मी ऑफ’ म्हणतात, म्हणजे तिथे पुन्हा टेल, आणि तेही ऐकणाऱ्यासकट.