एकच दिवस हाताशी असेल तर: काँपिएन्य की आमियाँ?

पॅरिसच्या गार द्यू नॉर स्टेशनवरून दोन्हीकडे थेट गाडी आहे. काँपिएन्य जरा जवळ, पण तेवढ्यावरून ठरवू नका.

तारखांचा इतिहास आवडत असेल तर काँपिएन्यचं पारडं जड, हे आधीच कबूल करतो. २३ मे १४३० ला जोन ऑफ आर्क इथेच वेशीबाहेर पकडली गेली. माघार घेताना तिच्या तोंडावर पूल उचलला गेला. १९१८ चा युद्धविराम जवळच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात झाला. १९४० मध्ये हिटलरनं तोच डबा त्याच जागी आणवून फ्रान्सकडून सही घेतली. आज तिथे आहे तो त्याच बनावटीचा दुसरा डबा.

माझं घोडं अडलं ते इथेच. ती जागा गावापासून सहाएक किलोमीटर. मी गेलो रविवारी. बसचा पत्ता नाही, म्हणून चालत निघालो. झाडीतला सरळसोट रस्ता अर्धा तास सुंदर वाटला, मग पाय बोलायला लागले. परतलो तर राजवाडा बंद व्हायला जेमतेम अर्धा तास. तिसऱ्या नेपोलियनची दालनं अक्षरशः पळत पाहिली. आणि नदी? ओआज दिसली ती स्टेशनहून गावात येताना पुलावरून, तेवढीच. गाडी भाड्यानं घेणाऱ्याला कदाचित हे काहीच जाणवणार नाही.

आमियाँत सगळं पायी होतं. कॅथेड्रल १२२० मध्ये सुरू झालेलं, आतून छत ४२ मीटर उंच. गावाचा पैसा वोड नावाच्या तिथल्या झाडापासून काढलेल्या निळ्या रंगाच्या व्यापारातला. दक्षिणेच्या भिंतीवर पोतं घेतलेले रंगाचे व्यापारी दगडात कोरलेत. (पुढे आपल्याकडच्या निळीनं तो धंदा बुडवला.) उतारावरून खाली आलं की सोम नदीचे फाटे थेट घरांना खेटून वाहतात. पलीकडे ऑर्तियोनाज, म्हणजे दलदलीतून काढलेले भाजीचे मळे, सुमारे ३०० हेक्टर. तिथल्या सपाट नावेची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि वर उचललेली असते, मऊ काठ न ढासळता टेकता यावं म्हणून. नावाडी फक्त फ्रेंच बोलत होता, मला निम्मंच कळलं.

हिवाळ्यात नावा बंद असतात, तेव्हा माझं ऐकू नका. एरवी मी तरी शनिवारी सकाळची आमियाँचीच गाडी पकडीन. त्या मळ्यांतली भाजी त्या दिवशी काठावर विकायला येते. पिशवी न्या.