डीबीएसवरचा पोलिसांचा मजकूर: मॉनिटरकडे जावे की हायकोर्टात?

इंग्लंडमध्ये मुलांसोबत काम करणाऱ्याच्या एन्हान्स्ड (सविस्तर) डीबीएस प्रमाणपत्रावर (डीबीएस म्हणजे डिस्क्लोजर अँड बारिंग सर्व्हिस, नोकरीसाठी पूर्वेतिहास तपासणारी सरकारी संस्था) एक चौकट असते आणि तिच्यात पोलिसांना आपल्या विवेकाने इतर माहिती लिहिता येते. बहुतेकांची चौकट रिकामी म्हणावी अशीच असते. माझ्या चौकटीत अकरा ओळी होत्या. दोन मुलांची मारामारी सोडवताना मी एकाचा दंड धरला होता, त्यावरून पालकांची तक्रार आणि चौकशी झाली, गुन्हा मात्र दाखल झाला नाही. २०१३ पासून प्रमाणपत्र फक्त अर्जदाराच्या हाती येते, त्यामुळे त्या ओळी नव्या शाळेच्या मुख्याध्यापिकेपुढे मलाच ठेवाव्या लागल्या आणि नेमणूक तिथेच अडली.

नाव बंदीयादीत, म्हणजे मुलांसोबत काम करण्यास मनाई असलेल्यांच्या यादीत, गेले असेल तर अपील अप्पर ट्रायब्युनलकडे जाते. तो मार्ग निराळा. नुसत्या मजकुरावर हरकत असेल तर इंडिपेंडंट मॉनिटर (अशा हरकती तपासणारा स्वतंत्र अधिकारी) किंवा हायकोर्टातला ज्युडिशिअल रिव्ह्यू (सरकारी निर्णय कायद्याला धरून आहे का याची न्यायालयीन तपासणी), असे दोनच पर्याय माझ्यापुढे होते.

कोर्टाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या एका बाईंचे प्रकरण २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले. त्या हरल्या, पण मुलांच्या सुरक्षिततेइतकेच अर्जदाराच्या खासगी आयुष्यालाही वजन द्यावे आणि शंका असेल तिथे त्याचे म्हणणे आधी ऐकावे, हे त्याच निकालाने पक्के केले. शिवाय तिथे आपला वकील उभा राहून बोलतो. मॉनिटरकडे सुनावणी नसते, सारे कागदावरच चालते. त्यातही हरकत आधी डीबीएसमार्फत त्याच पोलीस दलाकडे परत जाते, हे मला फारच जाचले. खर्चाचे सांगायला नको: हरलात तर बहुधा समोरच्याचाही खर्च अंगावर येतो.

तरीही माझा निर्णय खर्चावर झाला नाही, आद्याक्षरांवर झाला. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेल्या एका प्रकरणात अर्जदाराला निकालपत्रात ‘एआर’ एवढेच म्हटले आहे. पण तो शिक्षकाची पात्रता असलेला टॅक्सीचालक होता आणि जानेवारी २०११ मध्ये ज्युरीने त्याला बलात्काराच्या आरोपातून निर्दोष सोडले होते, हे सगळे त्याच निकालपत्रात कोणालाही वाचता येते. एवढे करून तो हरलाच. आमच्या गावात मराठी घरे मोजून चाळीस. गणपतीच्या आरतीला सगळी एकत्र येतात. व्यवसाय, शाळेचा प्रकार आणि साल कळल्यावर तिथे नाव वेगळे सांगावे लागत नाही. मुख्याध्यापिकेने वाचलेल्या अकरा ओळी मला जगापुढे नेऊन ठेवायच्या नव्हत्या.

मॉनिटरला माहिती अनावश्यक वाटली तर ती वगळून नवे प्रमाणपत्र देणे डीबीएसवर बंधनकारक असते. मी चार पाने लिहिली आणि मारामारी पाहिलेल्या शिक्षिकेचे पत्र जोडले. सात महिने गेले, पण आलेल्या नव्या प्रमाणपत्रावर त्या ओळी नव्हत्या. साक्षीदार नसलेल्याला किंवा ज्याचा मुद्दा निव्वळ कायद्याचा आहे त्याला कदाचित कोर्टच बरे पडेल. पण दुसरा उपाय करून का पाहिला नाही, हे तिथेही विचारले जाते, आणि मॉनिटरच्या निर्णयाविरुद्ध पुढे कोर्टात जाता येतेच. हरकतीची मुदत प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून तीन महिने आहे. माझ्या पाकिटाने त्यातले नऊ दिवस टपालातच खाल्ले होते.