पुण्याच्या गर्दीसाठी वॅगन-आर १.२

रोज कोथरूड ते कॅम्प आणि येताना मंडई, एवढ्या धावण्याला पेट्रोलच बरी. वॅगन-आर घेतली, १,१९७ सीसीची, एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी. १.० लिटरचं इंजिन तीन सिलिंडरचं, हे चारचं; सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगवरच्या हाताला फरक कळतो. एसी लावून चार माणसं घेऊन चढ चढायचा असेल तर १.२ च घ्या.

सगळ्यात आवडलं ते बसणं. सीट उंच, दार मोठं. आईचे गुडघे दुखतात, पण हिच्यात ती न वाकता नुसती आडवी सरकून बसते. लांबी जेमतेम ३.६५ मीटर, त्यामुळे सदाशिव पेठेतल्या बोळातही घाम फुटत नाही.

एएमटी म्हणजे साधा गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं यंत्र करतं. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना हलका हेलकावा बसतो. त्या क्षणी अॅक्सिलरेटर किंचित सोडा. चढावर रांगेत ब्रेक दाबून थांबा, नाहीतर क्लच लवकर झिजतो.

गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या चाचणीत तिला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला, हे मला फार खटकतं. ज्यांना सतत एक्सप्रेसवेवर जायचंय त्यांना मी ही गाडी सुचवणार नाही.