पँडापॉवर : पाच हजार वेळा लोड फ्लो, तोही फुकट

लोड फ्लो म्हणजे वीजजाळ्यात कुठे किती व्होल्टेज राहील याची मोजणी. त्यात पीक लोड घालायचा, फीडरच्या (सबस्टेशनहून निघणाऱ्या वीजवाहिनीच्या) टोकाचं व्होल्टेज बघायचं आणि अहवालावर सही ठोकायची, ही माझी जुनी सवय. पण लोड रोज वेगळा, त्यात छपरांवर सोलर. एका आकड्यावर विसंबणं पटेना. म्हणून गेले तीन महिने पँडापॉवर वापरतोय. जर्मनीतल्या कासेल विद्यापीठ आणि फ्राउनहोफर संशोधन संस्थेचं, वीजजाळ्यांच्या मोजणीचं हे पायथन पॅकेज. बीएसडी परवाना, एक पैसा लागत नाही.

सरावाला ३३ बसचं (बस म्हणजे जाळ्यातला जोडबिंदू) प्रसिद्ध नेटवर्क आयतं मिळतं : १२.६६ केव्ही, एकूण लोड ३.७१५ मेगावॉट. सरळ लोड फ्लोत सगळ्यात कमी व्होल्टेज ०.९१३ पर युनिट (म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजच्या ९१.३ टक्के), बस १८ वर. (इथे मोजणी शून्यापासून, त्यामुळे ती १७ म्हणून दिसते. माझा अर्धा तास त्यातच गेला.)

संभाव्य लोड फ्लोचं, म्हणजे लोडचा एकच आकडा न धरता त्याच्या चढउतारांसकट करायच्या मोजणीचं, तयार बटण मात्र नाही. बार्बरा बोर्कोव्स्काने १९७४ साली मांडलेली कल्पना, पण तीच मोजणी पुन्हा पुन्हा चालवणारा लूप आपणच लिहायचा. प्रत्येक लोडला १० टक्के प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) दिलं आणि पाच हजार रन सोडले. चहा उकळेपर्यंत झाले. बस १८ चं व्होल्टेज जेमतेम हललं, ०.९० खाली एकदाही गेलं नाही. मी खूश!

मग लक्षात आलं, मी ३२ लोड एकमेकांशी ओळख नसल्यासारखे सोडले होते. काही वाढतात तेव्हा काही घटतात, हिशेब बराचसा आपोआप जुळतो. प्रत्यक्षात उकाडा सगळ्यांना एकदमच होतो आणि ढगही सगळ्या पॅनेलांवर एकदमच येतो. सगळे लोड एकत्र वरखाली केले तर व्होल्टेजचा पसारा सुमारे चौपट झाला आणि शंभरात नऊएक रन ०.९० च्या खाली गेले. नेटवर्क तेच, सरासरीही तीच. खरं फीडर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं. ते मीटरच्या नोंदींवरूनच ठरवावं लागतं, पॅकेज त्यात मदत करत नाही.

नंबा (पायथन कोड वेगाने चालवणारं पॅकेज) आधी टाकून घ्या, नाहीतर रेंगाळतं. लोड मेगावॉटमध्ये द्या. जुन्या आवृत्तीत किलोवॉट होते, नेटवरचे जुने कोड उचलाल तर फसाल. आणि एखाद्या रनमध्ये मोजणी उत्तरापर्यंत पोहोचली नाही की एरर येऊन अख्खा लूप थांबतो. रात्रभराचं काम लावणार असाल तर ती एरर पकडायची सोय आधीच करून ठेवा.