तळ्याच्या आउटलेटसाठी एसडब्ल्यूएमएम: फुकट आहे, पण आयतं नाही

फुकटचं म्हणून आधी नाक मुरडायचो, पण पावसाच्या पाण्याच्या तळ्याचं आउटलेट मॉडेल करायचं असलं की आता ईपीएचं (अमेरिकेची पर्यावरण संस्था) एसडब्ल्यूएमएमच उघडतो, म्हणजे पावसाच्या पाण्याच्या वाहण्याचा हिशोब करणारं सॉफ्टवेअर. १९७१ पासून चालत आलंय, सोर्स कोडपण खुला, दिसायला जुनाट आहे पण त्याचं काय एवढं.

स्टोरेज नोड (म्हणजे तळं), खोलीनुसार क्षेत्रफळाचा कर्व्ह, खाली ऑरिफिस (म्हणजे भोक), वर विअर (ज्याच्या काठावरून पाणी ओसंडतं), झालं. भोक अर्धवट बुडालेलं असेल तर ते स्वतःच विअरसारखा हिशोब करतं, हे भारी.

खरी गंमत रायझरला. म्हणजे तळ्यातला तो उभा काँक्रीटचा डबा, बाजूला लहान भोक, माथ्यावरून पाणी आत पडतं आणि तळातून एकच पाईप बाहेर. मी पहिल्यांदा भोक आणि विअर दोन्ही तळ्यातून थेट आपापल्या वेगळ्या आउटफॉलला (पाणी मॉडेलबाहेर पडतं ती जागा) जोडले, पाईप टाकलाच नाही. मॉडेल बिनतक्रार चाललं, कंटिन्युइटी एररपण (आत आलेल्या-बाहेर गेलेल्या पाण्याच्या ताळेबंदातली चूक) किरकोळ, मी खूश. मग सहज हाताने हिशोब केला तर माथ्यावरून जेवढं पाणी पडतंय तेवढं त्या पाईपात मावतच नाही! विअरवरचं हेड (काठावरची पाण्याची उंची) दुप्पट झालं की फ्लो २.८ पट होतो, भरलेल्या पाईपचा हेड दुप्पट झाल्यावरही जेमतेम १.४ पट, म्हणजे मोठ्या पावसात पाईपच मालक आणि तळं मी दाखवलं त्याहून वर चढणार. मग मध्ये रायझरचा वेगळा नोड घेतला, तिथून पाईप, आणि रूटिंग (पाणी पुढे नेण्याच्या हिशोबाची पद्धत) डायनॅमिक वेव्ह, जी पाईप तुंबून पाणी मागे चढणंही धरते. तो नोड साधं जंक्शन (नुसता जोड, पाणी साठवायला जागा नाही) ठेवला तर ग्राफ करवतीसारखा नाचत होता, डब्याचं खरं क्षेत्रफळ देऊन त्याचंच छोटं स्टोरेज केलं आणि टाइम स्टेप १ सेकंदावर आणली तेव्हा कुठे शांत झाला.

दुसरा घोळपण माझाच. फुटातल्या जुन्या फाइलमधून विअर उचलला, गुणांक ३.३३ तसाच राहिला, मॉडेल मीटरमध्ये, तिथे हवा १.८४. फ्लो १.८ पट येत होता आणि मी दोन दिवस स्टोरेज कर्व्ह तपासत बसलो 🤦

तयार व्हॉल्व्हचा खोली-फ्लो तक्ता असेल तर आउटलेट लिंकमध्ये सरळ भरता येतो. गेटसाठी कंट्रोल रूल्सपण सोपे, इतकी खोली झाली की सेटिंग ०.५ वगैरे. फक्त उघडायची आणि बंद करायची खोली एकच देऊ नका, नाहीतर गेट सारखं उघडझाप करत बसतं.

पाचापैकी चार स्टार. पाचवा रायझरसाठी तयार बटण आलं की देईन.