सायकल कॉम्प्युटरचा डेटा कुठे ठेवायचा: कंपनीचं अ‍ॅप, स्ट्राव्हा, इंटरव्हल्स की गोल्डन चीता?

सायकल कॉम्प्युटर, म्हणजे हँडलवर बसून राइड नोंदवणारं यंत्र, घेताना बॅटरी, स्क्रीन, नकाशा यांची भरपूर चौकशी होते. राइड कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये जमा होणार, हे मात्र बहुतेक जण डब्यावरच्या क्यूआर कोडवर सोडून देतात. यंत्र चार-पाच वर्षांत बदलतं, डेटा त्याहून जास्त टिकायला हवा. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आमच्या मते पहिला प्रश्न एकच: यंत्राने लिहिलेली मूळ फाइल इथून जशीच्या तशी परत काढता येते का? ती आपल्या हातात असेल, तर बाकीचा प्रत्येक निर्णय पुढे कधीही बदलता येतो.

आधी फाइल ओळखा

गार्मिन, वाहू, ब्रायटन, आयजीपीस्पोर्ट ही सगळी यंत्रं राइड फिट फाइलमध्ये लिहितात. ही बायनरी फाइल असते. दर सेकंदाला एक नोंद, त्यात जागा, उंची, वेग, हार्ट रेट, केडन्स (पेडल मिनिटाला किती वेळा फिरतं), पॉवर (पायांची ताकद, वॉटमध्ये), शिवाय लॅप (राइडचे टप्पे) आणि यंत्राची माहिती. सेन्सर जोडलेले असतील तर तासाला साधारण १०० ते १५० केबी होतात. वर्षभरात ३०० तास चालवली तरी सगळं ४५ एमबीच्या आत.

जीपीएक्स हा साधा मजकूर असतो. तो जवळपास कुठेही उघडतो, पण त्याच्या मूळ रचनेत फक्त जागा, उंची आणि वेळ आहे. हार्ट रेट आणि केडन्स जोडकलमांत जातात, पॉवरला सर्वमान्य जागाच नाही आणि लॅप गळून पडतात. टीसीएक्स या दोन्हींच्या मधलं. त्यात लॅप आणि कॅलरी राहतात, मार्गातल्या वळणांच्या सूचनाही राहतात.

६०० किमीच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) ४० तासांची मुदत असते. दर सेकंदाला नोंद धरली तर १,४४,००० बिंदू होतात. फिटमध्ये हे पाच-सहा एमबीत मावतं. तीच राइड सेन्सरच्या आकड्यांसकट जीपीएक्स केली की ३० एमबीच्या पुढे जाते आणि सायकलवाले राइड एकमेकांना दाखवतात त्या स्ट्राव्हाची एका फाइलची मर्यादा २५ एमबी आहे. ‘अपलोड होत नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. म्हणून साठवायची ती फिट. जीपीएक्स दुसऱ्याला मार्ग द्यायला वापरा.

कंपनीचं अ‍ॅप

गार्मिन कनेक्ट, वाहूचं अ‍ॅप, ब्रायटन अ‍ॅक्टिव्ह यांना टाळता येत नाही. यंत्राचं फर्मवेअर, सेटिंग आणि मार्ग पाठवणं त्यांच्यातूनच होतं. राइड आपोआप उतरते ही त्यांची मोठी सोय. विश्लेषणात गार्मिन कनेक्ट बाकीच्यांच्या बरंच पुढे आहे. मात्र मूळ फाइल हवी असेल तर फोनवरच्या अ‍ॅपमध्ये शोधू नका. वेबसाइटवर राइडचं पान उघडा, गिअरच्या चिन्हाखाली एक्स्पोर्टचा पर्याय आहे. झिप उतरते, तिच्यात फिट असते. वाहूच्या अ‍ॅपमधून फिट थेट शेअर होते. स्वस्त यंत्र घेणाऱ्यांनी दुकानातच विचारावं की यूएसबीने फाइल दिसते का. दिसत असेल तर अ‍ॅप कितीही कच्चं असलं तरी काम अडत नाही.

फक्त याच अ‍ॅपवर विसंबण्यातला धोका जुलै २०२० मध्ये दिसला. रॅन्समवेअर हल्ल्यामुळे गार्मिन कनेक्ट काही दिवस बंद पडलं. त्या काळात ज्यांना केबल लावून गार्मिन फोल्डरमधल्या अ‍ॅक्टिव्हिटीज फोल्डरातून फाइल काढता येत होती, त्यांच्या राइड स्ट्राव्हावर पोचल्या. बाकीचे थांबून राहिले. गार्मिनच्या एज मालिकेतल्या जुन्या यंत्रांत हे फोल्डर पेन ड्राइव्हसारखं उघडतं. एज ५४०, ८४०, १०४० एमटीपी पद्धतीने (अँड्रॉइड फोनसारखी) जोडली जातात, त्यामुळे विंडोजवर दिसतात, पण मॅकवर वेगळं फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअर लागतं. अडचणीच्या दिवशी धावाधाव नको, ते आजच टाकून ठेवा.

स्ट्राव्हा: मित्रांसाठी उत्तम, कोठार म्हणून मध्यम

ओळखीचे सगळे सायकलवाले तिथेच असतात, आणि सिंहगड किंवा बोपदेवच्या चढावर आपली वेळ मागच्या महिन्याशी ताडून पाहण्याची मजा दुसरीकडे नाही. त्यासाठी ते ठेवाच. फुकट खात्यावर राइड चढवता येतात, पण सेगमेंटची (रस्त्याच्या ठरावीक तुकड्यावर सगळ्यांच्या वेळांची) पूर्ण यादी आणि मार्ग आखणं २०२० पासून पैसे भरणाऱ्यांसाठी आहे. फिटनेसचा आलेखही तसाच.

डेटा परत मिळण्यात स्ट्राव्हा प्रामाणिक आहे. वेबसाइटवर राइडच्या तीन टिंबांखाली ‘एक्स्पोर्ट ओरिजिनल’ आहे. सगळं एकदम हवं असेल तर सेटिंग्जमधल्या ‘माय अकाउंट’मध्ये खातं उतरवण्याचा किंवा बंद करण्याचा विभाग आहे, तिथून संग्रह मागवायचा. त्या विभागात खातं कायमचं मिटवण्याचंही बटण आहे, तेव्हा नीट वाचून क्लिक करा. ईमेलने झिप येते. तिच्यातल्या फाइलींची नावं नुसते आकडे असतात. कुठली फाइल कुठल्या राइडची, हे सोबतच्या सीएसव्हीत (तक्त्याच्या फाइलीत) पाहावं लागतं, म्हणून ती सीएसव्ही फेकू नका.

घराचा पत्ता झाकायला सुरुवात आणि शेवट लपवण्याची सोय आहे. ती पहिल्या राइडआधी लावा. मात्र ती फक्त स्ट्राव्हावरच्या नकाशाला लागू होते. मूळ फाइल कुणाला पाठवलीत तर घराचं दार, यंत्राचा सिरीयल नंबर आणि बहुधा तुमचं वजनही तिच्यासोबत जातं.

सरावासाठी: इंटरव्हल्स की गोल्डन चीता

खरी निवड इथे आहे. दोन्ही फुकट वापरता येतात आणि दोन्ही पॉवर, हार्ट रेट, सरावाचा भार यांत खोल जातात.

इंटरव्हल्स डॉट आयसीयू ब्राउझरमध्ये चालतं. गार्मिन, वाहू वगैरे खाती थेट जोडता येतात, बाकीच्या यंत्रांची फाइल हाताने चढवता येते. कॅलेंडर, फिटनेसचा आलेख, आखलेला व्यायाम यंत्रावर पाठवणं, प्रशिक्षकाला खातं दाखवणं हे सगळं इथे सोपं आहे. गोल्डन चीता तुमच्या लॅपटॉपवर बसतं, विंडोज, मॅक किंवा लिनक्स. मुक्त स्रोत आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. आलेख हवे तसे बांधता येतात आणि डेटाची डागडुजी करण्यात त्याच्या तोडीचं फुकट काही नाही: हार्ट रेटची अचानक उसळी काढणं, पॉवरची खोटी टोकं छाटणं, नोंदीतल्या फटी भरणं. त्याचं फोन अ‍ॅप नाही आणि पहिल्यांदा उघडल्यावर पडदा गोंधळात टाकतो. दोन-तीन संध्याकाळी द्यायची तयारी हवी.

राइड संपल्यावर फोनवर पाच मिनिटं बघणार असाल किंवा कोच असेल, तर इंटरव्हल्स घ्या. डेटा कुणाच्याच सर्व्हरवर नको असेल, किंवा जुन्या पॉवर मीटरचे खराब आकडे दुरुस्त करायचे असतील, तर गोल्डन चीता.

इंटरव्हल्स जोडताना एक चूक फार होते, ती म्हणजे स्ट्राव्हामार्गे जोडणं. स्ट्राव्हा बाहेरच्या सेवांना मूळ फाइल देत नाही, फक्त आकड्यांचे प्रवाह देतं. शिवाय नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी नियम बदलले. स्ट्राव्हातून आलेला डेटा बाहेरची सेवा फक्त त्याच वापरकर्त्याला दाखवू शकते, म्हणजे कोचला राइड दिसत नाही. यंत्राच्या कंपनीचं खातं थेट जोडा.

जोडलं की मागच्या सहा महिन्यांच्या तरी फाइली चढवा. फिटनेसची रेघ ४२ दिवसांच्या आणि थकव्याची ७ दिवसांच्या, अलीकडच्या दिवसांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीवर चालते. रिकाम्या खात्यात ती शून्यापासून निघते, आणि पहिले दोन महिने तुमची तब्येत झपाट्याने सुधारत असल्याचं खोटं चित्र दिसतं.

आकडे जुळत का नाहीत

एकच राइड तीन ठिकाणी तीन आकडे दाखवते. बहुतेक वेळा कारण एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी जास्तीत जास्त पॉवर. भाराचं गणित असं: तास गुणिले तीव्रतेचा वर्ग गुणिले १००. तीव्रता म्हणजे नॉर्मलाइज्ड पॉवर (चढउतार हिशेबात धरून काढलेली सरासरी) भागिले एफटीपी. तीन तास, नॉर्मलाइज्ड पॉवर १६० वॉट, एफटीपी २०० असेल तर तीव्रता ०.८ आणि भार १९२. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एफटीपी २२० भरलेली असेल तर तोच भार १५९. राइड तीच, पाय तेच. म्हणून एफटीपी बदलली की यंत्र, कंपनीचं अ‍ॅप आणि विश्लेषणाचं सॉफ्टवेअर या सगळीकडे त्याच दिवशी बदला.

दुसरं कारण नोंदीची पद्धत. गार्मिनमध्ये सिस्टीमच्या सेटिंगमध्ये ‘डेटा रेकॉर्डिंग’ आहे. पॉवर मीटर असेल तर ‘स्मार्ट’ नको, ‘१ सेकंद’ ठेवा. स्मार्टमध्ये मधल्या नोंदी गाळल्या जातात आणि सरासरी कशी काढायची हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या रीतीने ठरवतं.

तिसरं, वेळ. स्ट्राव्हा चालतं राहिल्याचा वेळ स्वतः मोजतं, यंत्राचा ऑटो पॉज (थांबलात की नोंद आपोआप थांबवणारी सोय) वेगळं मोजतो. ब्रेव्हेत यातलं काहीच धरत नाहीत. २०० किमीचे साडेतेरा तास घड्याळाचे असतात, चहाच्या थांब्यासकट. यंत्राच्या पहिल्या पानावर एकूण गेलेल्या वेळेचा रकाना ठेवाच.

उंचीचा घोळ आपल्याकडे पावसाळ्यात वाढतो. यंत्र हवेच्या दाबावरून उंची काढतं. त्या बॅरोमीटरच्या बारीक छिद्रात पाणी किंवा घाम अडकला की घाट चढत असतानाही उंचीची रेघ सपाट राहते, मग एकदम उडी मारते. कोमट पाण्याने धुऊन यंत्र सुकू द्या. टाचणी घालू नका, आतला पडदा फाटतो. शिवाय हवेचा दाब १ हेक्टोपास्कल बदलला की उंची सुमारे ८ मीटर सरकते, त्यामुळे लांब राइडची सुरुवात आणि शेवट एकाच दारात असूनही आकडे जुळत नाहीत. तेवढं चालायचंच. अशा वेळी सॉफ्टवेअरमधलं ‘उंची दुरुस्त करा’ बटण मोह घालतं, पण त्यामागे भूभागाच्या चौकटींची जाळी असते, प्रत्येक चौकटीची उंची आधीच ठरलेली. डोंगर कापून काढलेल्या घाटरस्त्यावर बिंदू थोडासा सरकला तरी तो कड्यावर किंवा दरीत पडतो आणि खोटा चढ जमा होतो. कात्रजच्या बोगद्यातून गेलात तर जाळी तुम्हाला डोंगरावरून चढवते. छिद्र खरंच बंद पडलं होतं, तेवढ्याच राइडला हे बटण वापरा.

मार्ग आखण्यासाठी

वळणांच्या सूचनांसह लांब मार्ग करायचा असेल तर राइड विथ जीपीएस. फुकट खात्यावर मार्ग आखता येतो, बोलून दिशा सांगणं पैशांत आहे. कोमूट कच्च्या वाटांसाठी चांगलं, पण मार्च २०२५ मध्ये ते बेंडिंग स्पून्स कंपनीने घेतलं. नव्या खात्यांना काय फुकट मिळतं हे घेण्याआधी तपासा. दोन्हींचा पाया ओपनस्ट्रीटमॅप (लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा) आहे, आणि आपल्या ग्रामीण रस्त्यांवर डांबर आहे की मुरूम याची नोंद त्यात अनेकदा नसते. मार्ग पक्का करण्याआधी सॅटेलाइट चित्रात एकदा सरकवून पाहा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे, आखलेली रेघ चुकून त्यावर चढत नाही ना हेही पाहा.

नकाशा नसलेल्या स्वस्त यंत्रावर जीपीएक्स टाकलात तर नुसती रेघ दिसते, वळणं हवीत तर टीसीएक्स काढा. गार्मिनवर केबलने टाकताना फाइल ‘न्यूफाइल्स’ फोल्डरात ठेवा. केबल काढल्यावर यंत्र ती स्वतः बदलून ‘कोर्सेस’मध्ये नेतं.

जोडणी आणि साठवण

राइड एका जागेहून दुसऱ्या जागी एकाच वाटेने जाऊ द्या. यंत्र, कंपनीचं अ‍ॅप, तिथून स्ट्राव्हा आणि तिथूनच इंटरव्हल्स. दोन वाटा ठेवल्या की राइड दुप्पट होते आणि महिन्याचे किलोमीटर फुगतात. एका ठिकाणी राइड पुसली म्हणून दुसऱ्या ठिकाणची पुसली जात नाही, नाव बदललं तरी तेच.

महिन्यातून एकदा मूळ फिट फाइली लॅपटॉपवर वर्षवार फोल्डरांत उतरवा, एक प्रत क्लाउडवर, एक वेगळ्या डिस्कवर. मूळ फाइलला हात लावायचा नाही, दुरुस्ती नेहमी प्रतीवर. तारखेने लावताना लक्षात घ्या की फिटमधला वेळ यूटीसी, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक प्रमाणवेळ, असतो. पहाटे पाचला निघालेली राइड त्यात आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराची ठरते. सॉफ्टवेअरमध्ये भारताची वेळ लावलेली नसेल तर साडेपाचच्या आधी सुटलेली प्रत्येक राइड एक दिवस मागे दिसते.

बॅटरी मध्येच संपली तर घाबरून फाइल पुसू नका. राइड नीट बंद झाली नाही की फाइलीत लांबीची नोंद आणि शेवटचा तपासणी आकडा राहून जातो, म्हणून सर्व्हर ती नाकारतो. आतल्या नोंदी बहुधा शाबूत असतात. आधी यंत्र चार्ज करून चालू करा, पुष्कळदा राइड पुढे चालू करायची का असं ते विचारतं. होय म्हणून लगेच सेव्ह करा. तसं झालं नाही तर केबलने फाइल काढा आणि तिची प्रत फिट दुरुस्त करणाऱ्या एखाद्या फुकट टूलमधून चालवा. शेवटची काही सेकंदं जातात, बाकी राइड परत मिळते. दोन तुकडे झाले असतील तर ते जोडणारी ऑनलाइन टूल्सही आहेत, पण जोडण्याआधी दोन्ही तुकड्यांच्या वेळा एकमेकांवर चढत नाहीत ना हे पाहा.